नामचेला थांबलेल्या लेकीस पत्र

सातारा

चि. मनूस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू जे सांगितलेस त्यावरून ऋचाची तब्येत दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडलेली दिसते आणि तुम्ही दोघी ते एकच दुखणे समजत आहात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. काठमांडूत लागलेले जुलाब बहुधा पाण्याचे किंवा कच्च्या कोशिंबिरीचे असावेत, आणि ते आता थांबले आहेत. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर नामचेला पोचल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी, अन्नावरची उडालेली वासना आणि न लागणारी झोप ही मात्र उंचीची लक्षणे आहेत असेच धरून चला. तुम्ही जिथून चालायला लागलात ते लुक्ला सुमारे 2,860 मीटरवर आहे आणि नामचे 3,440 मीटरवर. शरीराला एवढ्या चढाची सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. अंगातले पाणी कमी झाल्यानेही डोके दुखते हे खरे, पण अडीच हजार मीटरच्या वर डोके दुखू लागले तर दुसरे कारण पक्के ठरेपर्यंत ते उंचीमुळेच दुखते असे मानण्याची डॉक्टरांची रीत आहे, आणि मला ती पटते.

तेव्हा तिला दोन्हींचे उपचार द्यावेत. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात आणि छोटे 200 मिलीलिटरमध्ये कालवायचे असते. अंदाजाने दाट केलेले पाणी जुलाब पुन्हा वाढवते, म्हणून पाकिटावरचे वाचूनच कर. डोके पूर्ण उतरल्याशिवाय नामचेच्या वर मुक्काम करायचा नाही, आणि तिथेच थांबूनही दुखणे वाढत गेले तर खाली यायचे. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सच्या गोळ्या तुमच्याजवळ आहेत, परंतु सल्फाच्या औषधांनी तिला कधी पुरळ उठले होते का, हे विचारल्याशिवाय त्या देऊ नकोस आणि नामचेतल्या दवाखान्यात दाखवूनच सुरू कर. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हा त्या गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, त्याने घाबरू नका. खुंदेचे रुग्णालय नावाजलेले आहे, सर एडमंड हिलरींनी ते 1966 मध्ये उभारले, पण ते नामचेहून सुमारे चारशे मीटर वर आहे. उंची बाधलेल्या माणसाला उपचारासाठी आणखी उंचावर नेण्यात अर्थ नाही.

आता जे मला मुख्यतः सांगायचे आहे ते. ऋचा म्हणते, ‘मला काही झालेले नाही, उद्या निघू.’ तिच्या या म्हणण्याला तू मत मानू नकोस. उंचीमुळे मेंदूवर सूज येऊ लागते तेव्हा विचारशक्ती मंदावते. माणूस हट्टी होतो किंवा अगदी गप्प बसतो, आणि आपण ठीक आहोत असे त्याला मनापासून वाटत असते. म्हणून वर जायचे की खाली, हे दुखणाऱ्या माणसाने ठरवायचे नसते, सोबतच्याने ठरवायचे असते. तिला एका सरळ रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला टेकवत चालायला सांग. तोल गेला, बोलणे असंबद्ध झाले, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला सुरू झाला, तर रात्र असली तरी गाइडला उठवून खाली उतरायला लागा. सकाळची वाट पाहू नका. हेलिकॉप्टर मागवले तरी ते ढगांत आणि अंधारात येत नाही, खाली उतरण्याचा उपाय मात्र कोणत्याही वेळी आपल्या हातात असतो.

तिला पोर्टरबरोबर खाली पाठवून आपण पुढे जावे, असे तू अर्धवट बोलून गेलीस. तसे करू नये. पोर्टर कितीही भला असला तरी तिची कालची प्रकृती त्याला ठाऊक नाही, त्यामुळे आज ती बिघडली की सुधारली हे त्याला कळणार नाही, तुला कळेल. तुझा हिरमोड होईल हे मी समजू शकते, वर्षभर पैसे साठवून तू निघाली आहेस. पण 5,364 मीटरवरच्या त्या बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचे शिखर दिसतही नाही, आणि नामचेच्या वर स्यांगबोचेच्या माळावरून आकाश निवळ असले तर ते दिसते. ऋचाचे डोके उतरले तर दोघींनी सावकाश तिथवर जाऊन झोपायला नामचेला परत यावे. उंचीची सवय व्हायलाही हेच चांगले.

खर्चाबद्दल दोघींनी आताच बोलून घ्यावे, कारण आजारी माणसाला आपल्यामुळे दुसऱ्याचे पैसे वाया गेल्याचा संकोच वाटतो आणि त्या संकोचापायी तो दुखणे लपवतो. लॉजचे जादा भाडे आणि लुक्ल्याचे बदललेले तिकीट निम्मेनिम्मे करा, असे माझे मत आहे. हेलिकॉप्टरची वेळ आलीच तर आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलून मगच होकार द्या आणि त्या संभाषणाची वेळ लिहून ठेवा. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार तिथे झाले आहेत आणि नेपाळ सरकारने 2018 मध्ये त्यांची चौकशीही केली आहे, तेव्हा कोणी घाई करू लागला तर जरा थांबून विचारावे. अर्थात मघाशी सांगितलेली लक्षणे दिसत असतील तर पैशांचा हिशेब बाजूला ठेवायचा. ते आम्ही इथे पाहून घेऊ.

राहिला ऋचाच्या घरचा प्रश्न. आईला कळवू नकोस, असे तिने तुला बजावले आहे. तू शब्द दिला आहेस आणि मी तो मोडायला सांगत नाही. मात्र तिने स्वतः फोन करावा एवढा आग्रह तू धर, कारण सल्फाचे पुरळ, लहानपणीचा दमा असल्या गोष्टी तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त आठवत असतील. उद्या दुपारपर्यंत तिने फोन केला नाही तर मी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे, आणि हे तू तिला आजच सांगून ठेव. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई