कोर्ट नाक्यावर अहल्या हवी

मा. संपादक,

ठाण्यात चौक सुशोभीकरण म्हटलं की फायबरचे प्राणी, कारंजं, रंगीत लाइटिंग आणि सेल्फी पॉइंट, ह्याच्या पुढे आपण जातच नाही, म्हणून हे पत्र. न्यूयॉर्कला ऑक्टोबर २०२० मध्ये फौजदारी कोर्टासमोरच्या बागेत मेड्युसाचा ७ फुटी ब्राँझचा पुतळा बसवला होता, लुचानो गार्बाती ह्या शिल्पकाराचा. त्याच वर्षी त्याच कोर्टात हॉलिवूडचा निर्माता हार्वी वाइनस्टीनवर बलात्काराचा खटला चालला होता. मेड्युसा म्हणजे ग्रीक पुराणातली, डोक्यावर केसांऐवजी साप असलेली, जिच्याकडे बघितलं की माणूस दगड होतो ती. पण ती तशी झाली कशी? रोमन कवी ओव्हिडच्या कथेत समुद्रदेव तिच्यावर देवळात बळजबरी करतो आणि देवी शिक्षा करते ती तिलाच, देवाला कोणी हातही लावत नाही! वर पर्सियस नावाचा ग्रीक वीर येऊन तिचं मुंडकं कापतो आणि हीरो होतो, इटलीत फ्लॉरेन्सच्या चौकात शिल्पकार चेलिनीचा ब्राँझचा पर्सियस १५५४ पासून ते मुंडकं उंच धरून उभा आहे. गार्बातीने हे उलटं केलं, तलवार मेड्युसाकडे आणि पर्सियसचं मुंडकं तिच्या हातात, पण खाली धरलेलं, जिंकल्याचा आव नाही, नुसती समोर बघत उभी.

तेव्हा टीकाही झाली की गुन्हा देवाचा तर मुंडकं पर्सियसचं का, आणि ती मला पटते. पण असा वाद रस्त्यावर, कोर्टाच्या दारात व्हावा हेच तर हवं ना.

आपल्याकडे अहल्या आहे. इंद्र गौतमाचं रूप घेऊन फसवतो आणि शिळा होते ती अहल्या, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि रामाच्या पायाच्या स्पर्शाने उद्धार झाला म्हणून खूश होतो, तिला कोणी काही विचारतच नाही. ठाण्याच्या कोर्टात रोज किती बायका फाइल छातीशी धरून तारखेला येतात, त्यांना तिथे शिळेतून स्वतःच्या पायावर उठणारी अहल्या दिसली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कायमचा पुतळा म्हटलं की परवानग्या आणि राजकारण आलंच, पण न्यूयॉर्कचाही कायमचा नव्हता, एप्रिल २०२१ पर्यंतच होता. महापालिकेने तसंच सहा महिन्यांसाठी करावं, तरुण शिल्पकारांकडून डिझाइन मागवावीत, निवडीत बायका असाव्यात, आणि काम फायबरचं नको, ब्राँझचंच हवं. शेजारी पाटीवर पूर्ण गोष्ट मराठीत लिहावी, इंद्राचं नाव न गाळता.

- एक वाचक, नौपाडा, ठाणे