मागुराचे जिरे: पहिल्या पंधरवड्याचं खाद्य

सांगली, मिरज, पलूसकडील सभासदांनो, मागूर माशाच्या जिऱ्यांना (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना) पोटाखालची पिवळी पिशवी असेपर्यंत, म्हणजे साधारण तीन दिवस, काहीही टाकू नका. पुढे आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) किंवा बारीक गाळलेले प्राणिप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) दिवसातून 4-5 वेळा, थोडंथोडं. रात्रीची पाळी चुकवू नका. मागूर अंधारात जास्त खातो. आर्टेमिया गोड्या पाण्यात धुऊन, त्याच्या अंड्यांची टरफलं काढूनच टाका, कारण ती आतड्यात अडकतात. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो, म्हणून एकदम ओतू नका. उरलेलं नळीने ओढून काढा, नाहीतर अमोनिया वाढतो. अंड्याचा बलक नाइलाजालाच, पाणी नासवतो.

पाण्याची खोली 8-10 सेंटिमीटरच ठेवा. दहाव्या-अकराव्या दिवसापासून पिल्लं हवा घ्यायला वर येतात. मोठी पिल्लं चाळून वेगळी करा, लहानांना गिळतात.