भिगवणच्या होडीवाल्या मामांना

मामा, सा. न.

तुमचे आभार तोंडावर मानले, तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते.

उजनीच्या पाण्याचा अभ्यास सुरू केला तेव्हा आधी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पाणी-तपासणीचे जुने आकडे हवे होते, लोकांच्याच पैशातून गोळा झालेले. एकीकडे साहेब जागेवर नव्हते; दुसरीकडे साहेब होते, पण माझा अर्ज सापडत नव्हता. "उपग्रहावरून सगळं दिसतं ना तुम्हाला, मग आमच्याकडे कशाला येता?" हेही ऐकून घेतलं. ते अजून बोचतं.

उपग्रहावरून सगळं दिसत नाही, मामा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर ५ दिवसांनी उजनीवरून जाते आणि तिला दिसतो तो पाण्याचा रंग. शेवाळातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि त्याच्या जरा पुढे, ७०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास, पाणी उजळ दिसतं. त्या फरकावरून शेवाळ किती याचा अंदाज बांधायचा. पण अंदाज खरा की खोटा हे ठरवायला उपग्रह जाण्याच्या वेळेला त्याच जागचं पाणी बाटलीत भरलेलं लागतं. म्हणजे होडी लागते, आणि भर उन्हात थांबायला तयार असलेला माणूस लागतो.

पहिल्याच दिवशी ठरलेली जागा बरीच लांब असताना तुम्ही इंजिन बंद केलंत. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. तुम्ही वल्हं उचललंत आणि म्हणालात, "पंखा फिरला की खालचा गाळ वर येतो. मग तुला खरं पाणी कसं गावायचं?"

मी तुम्हाला गाळाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. माझं काम काय आहे हे तुम्ही नुसतं बघून ओळखलं होतंत. उथळ पाण्यात ढवळलेला गाळ बाटलीत आला असता, तर गढूळपणाचा आकडा फुगला असता आणि त्यावर बेतलेलं सगळं गणित वाकडं गेलं असतं. त्यानंतर प्रत्येक खेपेला, वारा समोरून असला तरी, शेवटचा टप्पा तुम्ही वल्ह्यानंच नेलात. न सांगता. हे आठवलं की अजून डोळे भरून येतात.

पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रह आंधळा होतो, आणि रानातली माती, उसाची खतं धुऊन येतात ती नेमकी तेव्हाच. मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी भीमेत येतं ते तर बारमाही. ते ढगाळ महिने उतार, माती, पीक आणि पाऊस यांच्या मॉडेलवर काढावे लागतात. तिथेही तुमचाच आधार झाला: मोठ्या पावसानंतर कुठल्या ओढ्याचं पाणी आधी लाल होतं, पाणी उतरलं की जुनी नदी कुठून वाहताना दिसते, हे तुम्ही बोटानं दाखवलंत.

दुसऱ्याचं काम आपल्याच कामाइतकं जपणारी माणसं आहेत, म्हणून अशी कामं तडीला जातात. त्यांच्या नावाची पाटी कुठल्या दारावर नसते. तुमच्यासारखी माणसं मला काठावरच्या गावांत आणखीही भेटली. कुणी चहा दिला, कुणी बाटल्यांची पेटी उचलून गाडीपर्यंत आणली.

नकाशा आता तयार होतोय. माझ्या जागांना आधी नुसते क्रमांक होते. तिथे तुम्ही सांगितलेली नावं घातली आहेत. पाऊस उघडला की पहिली प्रत घेऊन येते. एखादं नाव चुकीच्या जागी पडलं असेल तर पेनानं खोडा, मी दुरुस्त करून दुसरी आणीन.

तुमची,
बाटल्यावाली पोरगी