युरोपशी करार झाले, आखाताचे काय?

महोदय,

स्थलांतर हा परराष्ट्र धोरणाचा अग्रक्रम असल्याचे दिल्लीतून वरचेवर ऐकू येते. फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी, इटलीशी त्यासाठी करार झाले, आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशीही केला. उत्तमच. पण आमच्या रत्नागिरीकडची पोरे पिढ्यान्‌पिढ्या जातात ती आखातात, आणि तिथे हा अग्रक्रम शोधावा लागतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर त्याला १९८३ च्या कायद्यानुसार सरकारी मंजुरी लागते. एजंट ही कटकट टाळतो. पोराला व्हिजिट व्हिसावर विमानात बसवतो, 'तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ' म्हणतो. एजंटाची फी जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी, असा नियम. पावती तेवढ्याचीच मिळते, बाकीचे रोख. मग ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद नाही, पगाराचा करार कुणी तपासलेला नाही, परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचा दहा लाखांचा विमाही नाही. मालकाने पगार थकवला, तर दूतावासात दाखवायला हातात कागद कुठला?

आपले सरकार अडचणीत धावून जात नाही, असे मुळीच नाही. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये मजुरांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले, तेव्हा मृतदेह आणायला हवाई दलाचे विमान लगेच गेले. पण माणसे त्या इमारतीत कशी कोंबली आहेत, हे आगीआधी कोणी विचारले होते का? उलट कोरोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, आखातात जाणाऱ्या आपल्या कामगारांसाठी ठरवून दिलेले किमान वेतन आपल्याच सरकारने ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा पुढच्या वर्षी ते मागे घेतले. तेल आणि गुंतवणुकीच्या वाटाघाटींतही आपण इतक्या चटकन भाव उतरवतो का?

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळहूनही जास्त होता. (त्यात अमेरिकेतल्या संगणकवाल्यांचाही पैसा आहे, मान्य.) केरळने १९९६ मध्येच परदेशस्थांसाठी स्वतंत्र खाते काढले. आपल्याकडे निदान रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात तरी एक खिडकी उघडावी. तिथे एजंटाचा परवाना खरा की खोटा हे जाण्याआधी कळावे आणि व्हिजिट व्हिसावर गेलेल्यांचीही नोंद घरच्यांना करता यावी.

– एक वाचक, रत्नागिरी