बाबा, आम्ही सरकारकडेच अर्ज केला आहे

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणालात, "मूल आणायचं ठरलंय तर आणा, आमची ना नाही. पण सरकारी खात्याच्या नादी लागू नका. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, चांगली खासगी संस्था बघा." सगळी नोकरी जिल्हा परिषदेत झालेला माणूस असं म्हणतो तेव्हा त्यामागे पाहिलेलं, सोसलेलं खूप असतं, हे मला ठाऊक आहे. तरीही समीरने आणि मी काउंटीकडेच, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या सरकारकडेच अर्ज केला आहे.

इथे खासगी म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. एक म्हणजे नवजात बाळ दत्तक घेणं. त्यात जन्म देणारी आईच संस्थेमार्फत किंवा वकिलामार्फत आपल्या बाळासाठी घर निवडते. त्याला तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात आणि एकेका बाळासाठी कितीतरी जोडपी थांबलेली असतात. त्या बाळांना घर मिळण्याची चिंता नाही. आम्ही तिकडे गेलोच नाही, आणि पैसा हे त्याचं मुख्य कारण नव्हतं.

दुसरी गोष्ट फॉस्टरची, म्हणजे अडचणीतल्या मुलांना आपल्या घरी तात्पुरतं सांभाळण्याची. त्यातही खासगी संस्था असतात. आमचा अर्ज आहे तो या फॉस्टरचा. आईवडिलांचं व्यसन, मारहाण, हेळसांड, कधी तुरुंगवास, यामुळे कोर्टाने घरातून काढून सुरक्षित जागी ठेवलेली मुलं. अमेरिकेत कुठल्याही वेळी अशी तीन-साडेतीन लाख मुलं असतात. आई, तुला हे वेगळं सांगायला नको. वडील गेलेल्या, आई आजारी असलेल्या मुलांचे बालसंगोपन योजनेचे अर्ज तूच भरून द्यायचीस, आणि काका-मामाकडे राहणाऱ्या त्या मुलांच्या वह्यांवर सगळ्यात आधी नजर टाकायचीस. इथेही पहिला शोध काका-मामा, आजी-आजोबांचाच घेतात. कुणी मिळालं नाही तर आमच्यासारख्या परक्या घराचा विचार होतो.

आता बाबा, खरा मुद्दा. यातलं एकही मूल खासगी संस्थेचं नसतं. मुलाचा ताबा कोर्टाच्या हुकमाने काउंटीकडे असतो. संस्था फक्त आमच्यासारखी घरं शोधतात, त्यांना प्रशिक्षण देतात आणि मूल आल्यावर पाठीशी उभ्या राहतात. कॅलिफोर्नियात अशा संस्था कायद्याने नफा न घेणाऱ्याच असाव्या लागतात. त्या आमच्याकडून फी घेत नाहीत, त्यांचा बराचसा खर्च सरकारच भागवतं. तुम्ही म्हणता ते चार पैसे द्यायला इथे जागाच नाही. मंजुरीचे नियमही दोन्हीकडे सारखे आहेत. २०१७ पासून राज्यभर एकच मंजुरी चालते, तीच तात्पुरत्या सांभाळासाठी आणि तीच पुढे दत्तक घेण्यासाठी. तोच पोलीस तपास, तेच प्रशिक्षण, आमच्या बालपणापासून लग्नापर्यंतचं सगळं विचारणाऱ्या त्याच लांबलचक मुलाखती.

मग फरक कशात? पाठबळात आहे, आणि तो मोठा आहे. संस्थेच्या सोशल वर्करकडे घरं कमी असतात, ती वरचेवर घरी येते. रात्री दोनला मूल किंचाळत उठलं आणि काही सुचेनासं झालं, तर फोन उचलणारं ओळखीचं माणूस असतं. काउंटीच्या सोशल वर्करने महिन्यातून एकदा मुलाला भेटलंच पाहिजे असा नियम आहे, पण तिच्या डोक्यावर फायलींचा ढीग असतो आणि ती मधेच बदलूही शकते. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका जोडप्याने संस्थेमार्फत दोन भावंडं सांभाळली. त्यांनी आम्हाला कळकळीने सांगितलं की संस्थेशिवाय निभावलं नसतं. त्यांचं म्हणणं आम्ही हलकं धरलेलं नाही.

तरीही काउंटीकडे गेलो त्याचं पहिलं कारण असं: ज्या मुलांना जास्त आधार लागतो, ज्यांना एरवी वसतिगृहासारख्या ठिकाणी ठेवावं लागलं असतं, त्यांच्यासाठी या संस्थांची व्यवस्था मुळात उभी राहिली. काउंटीला मूल ठेवायचं असतं तेव्हा नातेवाईकांनंतर बहुधा स्वतःकडच्या घरांची यादी आधी पाहिली जाते, तिथे जमलं नाही तर संस्थांना फोन जातात. खूप मोठ्या आघातातून आलेल्या मुलाला पहिल्याच खेपेस आम्ही नीट सांभाळू शकू का, याचं उत्तर आम्ही दोघांनी एकमेकांना प्रामाणिकपणे दिलं. आत्ता नाही. उद्या अनुभव आल्यावर कदाचित हो. समोरचं मूल प्रयोगासाठी नसतं.

दुसरं म्हणजे, निर्णय घेणाऱ्या माणसापर्यंत सरळ पोचायचं होतं. मुलाची भेट कधी, शाळा कुठली, डॉक्टर कोण, कोर्टापुढे अहवालात काय जाणार, याची सूत्रं कोर्टाच्या देखरेखीखाली मुख्यतः काउंटीच्या सोशल वर्करकडे असतात. संस्था मध्ये असली की आमचं म्हणणं संस्थेकडे, तिथून काउंटीकडे, आणि उत्तर त्याच वाटेने परत. तुम्ही पंचायत समितीतून जिल्ह्याला जाणाऱ्या कागदांबद्दल सांगायचात ना, मधल्या प्रत्येक टेबलावर कागद थांबतो म्हणून? काउंटीची माणसं कामाने पिचलेली असली तरी कागद निदान त्यांच्याच टेबलावर आहे.

तिसरं कारण तर तुम्हाला लगेच पटेल. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे नव्वद टक्के फॉस्टर संस्थांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीने यापुढे त्यांचा विमा नूतनीकरण करणार नाही असं जाहीर केलं. जुन्या लैंगिक अत्याचारांबद्दल दावा लावण्याची मुदत कायद्याने वाढवली होती, ते योग्यच होतं. पण त्यातून भरपाईच्या रकमा इतक्या वाढल्या की विमा कंपनीला झेपेना. विम्याशिवाय संस्था चालवता येत नाही. काही बंद पडल्या, त्यांच्याकडची घरं काउंटीकडे किंवा दुसऱ्या संस्थांकडे वळवावी लागली. आधीच एक घर सुटलेल्या मुलाच्या डोक्यावर अशी टांगती तलवार आम्हाला नको होती.

म्हणून खासगी वाईट आणि सरकारी चांगलं, असं मी म्हणत नाही. कॅन्सस राज्याने १९९६ पासून हे सगळं काम टप्प्याटप्प्याने खासगी संस्थांकडे सोपवलं. तिथे काही वर्षांपूर्वी मुलांना संस्थांच्या ऑफिसांत रात्री काढाव्या लागल्या. आणि टेक्सासमध्ये? तिथे तीच पाळी सरकारी ऑफिसांत आली. २०१५ मध्ये तिथल्या संघीय न्यायाधीशांनी राज्यालाच खडसावलं, की मुलं तुमच्या ताब्यात येतात त्यापेक्षा जास्त मोडून बाहेर पडतात. पाटीवर काय लिहिलंय त्यावरून काही ठरत नाही, बाबा. आपल्या गावात काम कसं चालतं आणि आपल्याशी खरं कोण बोलतं, एवढंच बघता येतं.

खरं बोलण्यामुळेच आमचा कौल काउंटीकडे झुकला. एका संस्थेच्या माहितीसभेत दत्तकाचे सोहळे, फुगे, कोर्टात न्यायाधीशांबरोबर काढलेले हसरे फोटो, हेच बराच वेळ चाललं होतं. काउंटीच्या सभेत मात्र एका बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, "तुमच्याकडे आलेलं मूल आपल्या आईकडे परत गेलं, तर आम्ही त्याला यश म्हणतो. हे मान्य नसेल तर आजच थांबा." खोलीतल्या काही जणांचे चेहरे उतरले. माझाही उतरला. इतक्या वर्षांच्या औषधोपचारांनंतर हे ऐकायला मी तिथे गेले नव्हते. पण घरी येताना समीर म्हणाला, "आपण पहिल्यांदाच कुणाला मुलाच्या बाजूने बोलताना ऐकलं." त्या रात्री आमचं ठरलं.

कायदा असा आहे. मूल घरातून काढलं की काही गंभीर अपवाद सोडले तर आईवडिलांना सुधारण्याची संधी द्यावीच लागते. तीन वर्षांखालच्या मुलासाठी साधारण सहा महिने, मोठ्यासाठी बारा, आणि प्रगती दिसली तर अठरा महिन्यांपर्यंत. व्यसनमुक्तीचे उपचार, समुपदेशन, ठरलेल्या भेटी. त्या भेटींना मुलाला घेऊन आम्हीच जायचं. मूल बाविसातले पंधरा महिने बाहेर राहिलं तर आईवडिलांचा हक्क संपवण्याचा अर्ज राज्याने करावा असं १९९७ चा संघीय कायदा सांगतो, पण त्यालाही अपवाद आहेत. ज्या सुनावणीत तो हक्क संपतो तिला इथले सगळे कलमाच्या आकड्यावरून 'टू-सिक्स' म्हणतात. त्यानंतर दत्तकाचा प्रश्न येतो. देशभरात फॉस्टरमधून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी निम्म्याच्या जवळपास मुलं आईवडिलांकडे परत जातात. दरवर्षी पन्नास हजारांच्या आसपास मुलं दत्तक जातात, त्यातलीही पुष्कळ नातेवाईकांकडे किंवा आधीपासून सांभाळणाऱ्या घरातच.

आई, तू विचारलंस, "जीव लावायचा आणि मग द्यायचं परत? कसं गं जमेल तुला?" जमेल की नाही ते आधी सांगता येणार नाही. पण जीव न लावता सांभाळलं तर मुलाचं काय होईल, हे तू मला विचारायच्या आधीच तुला माहीत आहे. तुझ्या वर्गातली मुलं चौथी पास होऊन जायचीच की. तू कुणाला हातचं राखून शिकवलं नाहीस. मूल परत गेलं तर मी रडेन, समीरही रडेल, आणि तुम्हाला फोन करू. त्याची आई व्यसनातून बाहेर येऊन त्याला घेऊन जात असेल, तर ते रडणं सोसायची आमची तयारी आहे. तिच्याबद्दल घरात कुणी वाईट बोलायचं नाही, हा आमचा पहिला नियम आहे. तुम्हालाही तो पाळावा लागेल. मुलाला ती आपली आई वाटते, आणि ती आहेच.

भारतातूनच का नाही, हे मावशीने विचारलं होतं. तेही आम्ही पाहिलं. केंद्रीय नोंदणीत नाव घातल्यावर काही वर्षं थांबावं लागतं. पण खरं कारण वेगळं आहे. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या शाळेत बसणारं मूल आज रात्री कुठे झोपेल हे ठरलेलं नाही, हे कळल्यानंतर मला दुसरीकडे बघवेना. इतकी वर्षं या गावाने आम्हाला पोसलं, त्याच्या मुलांची जबाबदारी आमच्यावरही येते.

मूल आपल्या रंगारूपाचं नसेल. या भागात यातली बरीच मुलं मेक्सिकन वंशाच्या घरांतली असतात, कदाचित स्पॅनिशच बोलेल. त्याच्या धर्माप्रमाणे चर्चला जायचा त्याला कायद्याने हक्क आहे, आणि आम्ही त्याला नेऊ. आम्ही आठ वर्षांपर्यंतचं मूल, आणि भावंडं असली तर दोघं, असं लिहून दिलंय. बाबा, खर्चाची काळजी नको. मुलासाठी महिन्याची ठरलेली रक्कम आणि औषधपाणी सरकार देतं, आणि दत्तक झाल्यावरही बहुतेक मुलांना अठरा वर्षांपर्यंत मदत चालू राहते.

आता तुमच्याकडून काही गोष्टी हव्या आहेत. उन्हाळ्यात तुम्ही राहायला आलात की तुमच्याही बोटांचे ठसे द्यावे लागतील. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला तो नियम आहे, त्यात अपमान वाटून घेऊ नका. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि आईचं इन्सुलिन कुलपात राहील, उशाशी नाही. मुलाने कितीही हट्ट केला, काही फोडलं, तरी हात उगारायचा नाही, चापटसुद्धा नाही. आणि आई, फोटो! मुलाचा चेहरा आणि ते फॉस्टरमधलं आहे ही गोष्ट आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत "माझ्या मुलीने मूल दत्तक घेतलं" असं कुणाला सांगूही नकोस. "मुलीकडे एक मूल राहायला आलंय" एवढंच सांग.

मुलाखतीत आम्हाला विचारलं की घरच्यांचा याला पाठिंबा आहे का. आम्ही हो सांगितलं. पण सोशल वर्करला तुमच्याशीही व्हिडिओ कॉलवर बोलायचं आहे, दुभाषी लागला तर त्या देतील. पुढच्या आठवड्यात इथली सकाळ, म्हणजे तुमची रात्र, कुठल्या दिवशी जमेल ते कळवा. त्यांच्याशी मनात असेल ते बोला, बाबा, सरकारी खात्याबद्दलची शंकासुद्धा. मी तुम्हाला काही पढवणार नाही.

गुडघ्याचा एक्स-रे काढलात का? रिपोर्ट समीरला पाठवा.

तुमची,
मनू