सायटिक नस वेगळ्या वाटेने गेली म्हणजे आजार नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला सायटिकावरचा लेख वाचला, चांगला होता, पण कंबरेतून पायात जाणारी सायटिक नस पिरिफॉर्मिस या स्नायूतून गेली की सायटिका, म्हणजे कुल्ल्यातून पायात कळ जाण्याचा त्रास, होतोच असं जे लिहिलंय ते बरोबर नाही म्हणून हे पत्र. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे लेख वाचून पेशंट घाबरून येतात आणि ऑपरेशन करावं लागेल का विचारतात.

हा छोटा स्नायू कुल्ल्यात खोलवर असतो आणि बहुतेकांची सायटिक नस त्याच्या खालून बाहेर येते. काहींची मात्र वरच दोन भागांत फुटते, एक भाग स्नायूच्या मधून आणि दुसरा खालून. बीटन आणि ॲन्सन या अभ्यासकांनी १९३७ मध्येच नस आणि स्नायूच्या मांडणीचे, नेहमीची धरून, सहा प्रकार मांडलेत. पुढे २०१० मध्ये स्मोल यांनी ६००० हून जास्त मृतदेहांच्या नोंदी एकत्र केल्या, त्यात वेगळी रचना १६.९ टक्के निघाली, म्हणजे साधारण सहात एक. आणि पिरिफॉर्मिसच्या त्रासासाठी, म्हणजे हा स्नायू नस दाबतो म्हणून, ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यात किती, तर १६.२ टक्के! प्रमाण जवळपास तेवढंच, मग सगळा दोष या रचनेवर कसा टाकायचा? पाय दुखतोय तर आधी कंबरेचे मणके तपासा, गादी सरकलीय का बघा.

ही माहिती खरी हवी ती सुई आणि सुरी हातात असणाऱ्याला. खुब्याचा सांधा मागच्या बाजूने उघडून बदलताना ही नस जवळच असते, आणि ती वरच फुटलेली असेल तर गुडघ्यामागे भूल देताना एखादा भाग सुटून भूल अर्धवट चढू शकते. इंजेक्शनचं तर विचारूच नका. अजूनही कितीतरी ठिकाणी कुल्ल्यावर अंदाजाने टोचतात, नसेला लागलं तर पाऊल लटकं पडतं, चालताना घोटा वर उचलत नाही, आणि लहान मुलांत तर स्नायूच कमी असतो त्यामुळे धोका जास्त. बाळांना लस मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात ते उगाच नाही. मोठ्यांना खुब्याच्या बाजूला, कंबरेच्या हाडाखाली देता येतं, तिथून ही नस लांब असते.

पुढच्या पुरवणीत इंजेक्शनच्या जागेवर एक सविस्तर लेख चित्रासकट छापा ही कळकळीची विनंती, गावातल्या दवाखान्यांत तो भिंतीवर लावता येईल.

आपली,
एक वाचक, सांगली