शिक्षणमंत्री साहेब, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी हर्णै बंदरावर म्हावरं विकते. माझा मुलगा आठवीत. गेल्या सोमवारी त्याचं दप्तर चार पोरांनी खाडीत फेकलं आणि तो चिखलात उतरून ते काढतोय याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'सुकट'. हे नाव त्याला जूनपासून आहे. बाकावर शेजारी कोणी बसत नाही, नाक धरतात.

आणि मला कळलं कधी? दप्तर गेल्यावर. डबा तसाच परत यायचा, दर सोमवारी पोटात दुखायचं, पाचची एसटी सोडून सातची पकडायचा, मी म्हणायची आळशी झालाय. मासेमारीची बंदी उठल्यापासून ह्याचा बाबा बोटीवर, मी पहाटेपासून बंदरावर, चूक माझीपण आहेच. पण साहेब, हे ओळखायचं कसं ते आम्हाला कधी कोणी सांगितलं? एकदा खोड काढली ती मस्करी, रोज चारजण मिळून एकालाच धरतात ती मस्करी नाही, एवढं तरी पालकसभेत सांगायला काय लागतं? तिथे फक्त आधार लिंक झालं का ते विचारतात.

शाळेत गेले तर उत्तर, "पोरं आहेत, चालायचंच, तुम्ही त्याला जरा स्ट्राँग करा." स्ट्राँग त्याला करायचं, फेकणाऱ्यांना नाही!

जूनमध्ये वरून आलेले साहेब बोलले होते, काउन्सेलर येणार. अजून वाटेतच आहे बहुतेक, मुंबई-गोवा हायवेने निघाला असेल. तक्रारपेटी आहे, हो, भिंतीवर आहे, खाऱ्या वाऱ्याने कुलूप गंजलंय आणि किल्ली कुणाकडे ते शिपायालापण माहीत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तुमच्याच खात्याने शाळेतल्या पोरांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समितीचा जीआर काढला, आमच्याकडे तिची एक बैठक झाल्याचं कोणी सांगेल तर मी त्याला पापलेट फुकट देईन. रॅगिंगविरोधी कायदा तर १९९९ चा, तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची असं त्यात आहे म्हणे, इथे आज नववा दिवस. पोरांच्या मदतीचा १०९८ नंबर मला कुठे मिळाला माहितीये? एसटी स्टँडवरच्या फाटक्या पोस्टरवर. शाळेत नाही.

मास्तरांना तरी काय बोलू, ते मतदार याद्या करणार, ऑनलाइन माहिती भरणार, खिचडीचे तांदूळ मोजणार, मग पोराचं तोंड कधी बघणार? आणि पट कमी म्हणून आमच्या वाडीची शाळा बंद झाली म्हणून तर हा तालुक्याला जातो, तिकडे सगळे अनोळखी. जवळच्या शाळा बंद करताना याचा विचार मुंबईत कोणी केला होता का? आणि मत मागायला बरोबर बंदरावर येता, तेव्हा नाही वास येत!

कालपासून तो शाळेत नाही म्हणतोय. व्हिडिओ अजून फिरतोय. तो काढायला लावा, त्या चार पोरांच्या आईबापांना बोलवा, त्यांनापण समजवायलाच पाहिजे, मला त्यांची शाळा सोडवायची नाहीये.

कुलूप मी बाजारातून नवीन आणलंय, ऐंशी रुपये, पावती आहे. किल्ली कोणाकडे देऊ तेवढं कळवा.

एक आई, हर्णै